डेल्फीनच्या नावाचा केक

सॉरेल क्रीकमध्ये दोन बहिणींची घरं एकाच कुंपणाला पाठ लावून उभी होती. थोरली मोझेल, धाकटी डेल्फीन. मोझेलचा मुलगा थर्मन, डेल्फीनचा लुशियन. दोघं एकाच आठवड्यात जन्मले, एकाच टबात न्हाले आणि घरांशेजारच्या बोळात एकच चेंडू फाटेपर्यंत खेळले. पण पाय वाटताना देवाने लुशियनच्या पदरात जरा जास्तच टाकलं होतं. लुशियन भर पावसात पळत दुकानात जायचा आणि कोरडा परत यायचा. थर्मन त्याच्या मागोमाग निघायचा, तो दोघांच्या वाटचं भिजून यायचा.

पोरं सतरा वर्षांची झाली आणि त्या हिवाळ्यात बोळात मोटारींची रांग लागली. चेंडू छातीशी कवटाळून पळायचं आणि पळणाऱ्याला दुसऱ्याने जमिनीवर लोळवायचं, हा आमचा फुटबॉल. पळणारा पोरगा हेरला, की मोठ्या विद्यापीठांचे कोच त्याच्या आईच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करतात. तिने वाढलेलं पानात टाकून जो कोच उठला, त्याच्या हातून पोरगा गेलाच म्हणून समजा. डेल्फीनकडे एका हिवाळ्यात अकरा कोच जेवून गेले. मोटारी बघून पोस्टमन दोनदा टोपी काढून आत आला, घरात कोणी गेलं असं समजून.

अडचण एवढीच, की डेल्फीनला काडीचा स्वयंपाक येत नव्हता. तिच्या हातचा पाव एकदा कुत्र्याने परसात पुरून ठेवला आणि पुढच्या वर्षी उकरून, आहे तसा, तिच्या पायरीवर परत आणून ठेवला.

म्हणून ती कुंपणाच्या फटीतून आली.

"मोझेल, तुझा एक रत्तली केक दे ना गं. पाहुणे यायचेत."

रत्तली केक म्हणजे रत्तलभर लोणी, रत्तलभर साखर, रत्तलभर मैदा आणि रत्तलभर अंडी. आमच्याकडे तो घरोघरी होतो, पण मोझेलच्या हातचा होत नाही. तिचा केक भट्टीत असला, की घरात कोणी पाऊल वाजवायचं नाही, नाहीतर तो मधोमध बसतो. तिचा नवरा एझेल हयात असताना केक भाजला जाईपर्यंत अंगणात झाडावर चढून बसायचा, म्हणजे शिंक आली तरी धक्का जमिनीत उतरायला नको. आणि त्या केकचा एक नियम होता, मोझेलच्या आईपासून चालत आलेला: केक कामानंतर खायचा. कापूस वेचून झाल्यावर, प्रार्थना आटोपल्यावर. आधी खाल्ला, की काम झालंच नाही म्हणून समजावं. टेनेसीच्या एका कोचला हे कोणी सांगितलं नाही. जेवणाआधीच तो चार तुकडे चापून बसला आणि डेल्फीनच्या खुर्चीत शुक्रवारी दुपारी जो झोपला, तो सोमवारी उठला. रविवारी त्याच्या पायांभोवतीने केर काढावा लागला.

मोझेलने केक दिला. पहिला दिला, दुसरा दिला, अकरावाही दिला. देताना दर वेळी वाटायचं, आता कोणीतरी विचारेल हा कोणी केला म्हणून. मग डेल्फीन म्हणेल, माझ्या बहिणीने, ती पलीकडेच राहते. मग कोच कुंपणाच्या फटीतून वाकून येईल आणि त्याला थर्मन दिसेल. थर्मन काही लपण्यासारखा नव्हता. दारातून आत यायचा तर आधी उजेड बंद व्हायचा.

विचारलं खरंच. गॅरिसन विद्यापीठाचा हॅस्केल रड हा मोठा नावाजलेला कोच. त्याने बोटं चाटत विचारलं, "बाई, हे कोणाच्या हातचं?"

कुंपणापलीकडे आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी मोझेल श्वास रोखून उभी होती.

"आता काय सांगायचं," डेल्फीन लाजून म्हणाली. "घरच्या घरी करते मी आपलं."

त्या दिवशी थर्मनही तिथेच होता. मावशीकडे खुर्च्या कमी पडल्या म्हणून तो घरातल्या चार खुर्च्या एका हातात घेऊन गेला होता. रडने त्याच्याकडे पाहिलं, नाही असं नाही. अंगातला कोट काढला, थर्मनच्या हातात दिला आणि म्हणाला, "कुठेतरी टांग रे हा."

मोझेलला तो कोट चार वर्षं दिसत राहिला. भाजी चिरताना, भांडी घासताना, डोळे मिटल्यावरसुद्धा.

लुशियन गॅरिसनला गेला. थर्मनला टकर्स बेंडच्या छोट्या कॉलेजने घेतलं, तेही तिथला कोच पेटवे रस्ता चुकून सॉरेल क्रीकमध्ये आला आणि त्याची मोटार चिखलात रुतली म्हणून. थर्मनने ती मागून उचलून रस्त्यावर ठेवली. पेटवे खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाळा, तू कुठे शिकतोस?" पाठोपाठ मोझेलही टकर्स बेंडला गेली, कॉलेजच्या भोजनगृहात स्वयंपाकीण म्हणून. एरवी तिथेच राहून रांधायचं आणि मोठ्या सुट्टीला घरी यायचं.

टकर्स बेंडचा संघ म्हणजे ज्यांना कोणी बोलावलं नाही अशांची जत्रा. कोच पेटवे सकाळी अंकगणित शिकवायचा आणि दुपारी फुटबॉल. शिरस्त्राणं तीन रंगांची होती. मैदान इतकं उतरतं, की चेंडू सुटला तर नदीकाठी जाऊन विचारावा लागायचा. पोरं अशी काटकुळी, की दोघांत मिळून एक सावली पडायची. गॅरिसनचं बोलायलाच नको. त्यांचा एकेक गडी सहा गावांतून निवडून आणलेला. त्यांचं मैदान एवढं थोरलं, की गुण झाला तर सगळ्यात वरच्या रांगेतल्या लोकांना दुसऱ्या दिवशी टपालाने कळायचं. मोझेलने त्यांच्या भोजनगृहाबद्दलही ऐकलं होतं. तिथे अंडी चार तऱ्हेची मिळायची. तिच्याकडे अंडं एकाच तऱ्हेचं होतं, आणि तेही रविवारी.

चौथ्या वर्षी, कधी नव्हे ते, या दोघांची गाठ पडली. सामना गॅरिसनच्या मैदानावर होता आणि पोरांच्या कॉलेजमधला तो शेवटचा. त्या दिवशी निरोप घेणाऱ्या पोरांच्या आयांना मैदानाच्या मधोमध बोलावून फुलं देतात. अर्थात फुलं यजमानांच्या आयांना. पाहुण्यांच्या आयांनी टाळ्या वाजवायच्या.

सामन्याच्या आठवड्यात भोजनगृहाच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा फोन वाजला.

"मोझेल, अगं ऐक ना," डेल्फीन म्हणाली. "कोच रड म्हणताहेत, शेवटच्या दिवशी सगळ्या पोरांना सकाळी तुमचा तो केक हवा. ऐंशी पोरं आहेत."

"तुमचा म्हणजे कोणाचा?"

"आता तू पण ना. चार वर्षांनी काय सांगू त्यांना? वीस पुरतील का गं?"

"डेल्फीन, मी टकर्स बेंडची स्वयंपाकीण आहे. शनिवारी आमचा त्यांच्याशी सामना आहे."

"म्हणून तर कोच म्हणाले," डेल्फीन हसली. "म्हणाले, टकर्स बेंडचं काय एवढं, आमची पोरं ढेकर देत देत हरवतील त्यांना. राग मानू नकोस हं. आपला थर्मन गुणाचा आहे, पण आहे ते आहे."

मोझेलने फोन ठेवला. राग ओल्या लाकडासारखा धुमसत होता. चार वर्षं तो जाळ न धरता नुसता धूर सोडत होता. नाही म्हणून सांगावं, हे तिच्या मनात आलं. मिठाचा डबा समोरच होता, तोही मनात आला. पण खारट केक मोझेलच्या हातून झाला असता, तर तिची आई थडग्यातून उठून चमचा घेऊन आली असती. तिने बिघडवायचं काही ठरवलं नाही. उलट असं ठरवलं, की केक असा करायचा, जसा आजवर कोणी केला नाही.

गुरुवारी आणि शुक्रवारी ती रजा घेऊन घरी राहिली. लोणी रत्तलाला रत्तल असतं, तिथे तिने हात सैल सोडला. त्या दोन दिवसांत सॉरेल क्रीकमध्ये कोणी पाऊल वाजवलं नाही. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी गवतात हळूच ठेवली. शाळा भरली ती अनवाणी. वास पाच मैलांवरच्या तुरुंगापर्यंत गेला, आणि तिथल्या एका कैद्याने न विचारता गुन्हा कबूल केला.

शनिवारी सकाळी डेल्फीन मोटार घेऊन आली. वीस केक मागच्या आसनावर आणि डिकीत रचले, तशी मोटारीची चाकं अर्धी बसली.

"डेल्फीन," मोझेल म्हणाली, "हे खेळ झाल्यावर द्यायचे हं."

डेल्फीनने आरशात बघून टोपी नीट केली. "माझा केक कधी द्यायचा ते मला कळतं."

"सांगितलं आपलं."

मोझेलने ते सांगितलं होतं हे खरं. पण एकदाच सांगितलं, आणि फार मोठ्याने नाही. मोटार सुरू व्हायच्या आधी सांगितलं की नंतर, हे तिला पुढे कितीही आठवलं तरी नीट आठवत नव्हतं.

दुपारी ती पाहुण्यांच्या कोपऱ्यात बसली. समोर मैदानाच्या मधोमध डेल्फीन उभी होती, हातात तिच्याएवढाच पिवळ्या फुलांचा भारा. कर्ण्यातून आवाज आला, "लुशियनच्या मातोश्री, ज्यांच्या केकवर आज आपला संघ जेवला आहे!" पन्नास हजार माणसं उठून उभी राहिली. मोझेलही उठली, कारण समोरचा माणूस उठल्यावर दिसेना. टाळ्या मात्र तिने वाजवल्या नाहीत. हात पिशवीत घालून ठेवले.

'जेवला आहे' हे शब्द तिच्या कानात नंतर शिरले.

पहिली दहा मिनिटं काही जाणवलं नाही. लुशियन वाऱ्यासारखा पळाला, आणि गॅरिसनचे चौदा गुण झाले तेव्हा टकर्स बेंडच्या पोरांनी अजून नीट घामही गाळला नव्हता. मग लोण्याने तोंड उघडलं. गॅरिसनचा एक धिप्पाड गडी थर्मनला ढकलायला आला आणि त्याच्या खांद्यावर गाल टेकून थांबला.

"काय रे?" थर्मन म्हणाला.

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "तू छान उबदार आहेस."

दुसरा चेंडू घेऊन निम्म्या मैदानापर्यंत पळाला, भोवती कोणी नसताना खाली बसला आणि गवत न्याहाळू लागला. पंचाने तोंडात धरलेली शिट्टी फुंकली नाही. आयांच्या दिवशी त्यालाही एक तुकडा मिळाला होता. कोच रड कडेने धावत ओरडत होता, पण त्याच्या ओरडण्यात मध्येच जांभई यायची आणि सूचना अर्धीच राहायची. टकर्स बेंडची पोरं सकाळी मक्याची लापशी खाऊन आली होती. त्यांनी सात केले, मग चौदा केले, आणि शेवटी चेंडूला लाथ मारून तीन मिळवले. सतरा–चौदा. वरच्या रांगांतले लोक अजून आनंदात होते. त्यांना कळायचं होतं.

मोझेलला हर्ष झाला का? झाला, पण मासा खाताना काटा लागावा तसा. आपली पोरं जिंकताहेत, की आपला केक जिंकतोय, हे तिला सांगता येईना. थर्मन गड्यांना लोळवत होता, पण लोळायला आधीच तयार असलेल्यांना लोळवून काय मिळतं?

शेवटचा डाव आला. चेंडू जिच्यापार नेला की गुण होतो, त्या रेषेपासून गॅरिसन चार पावलांवर. लाथ मारून तीन गुण घेतले असते तर बरोबरी झाली असती, पण लाथ मारणारा पोरगा बाकावर शिरस्त्राण उशाला घेऊन घोरत होता. तेव्हा चेंडू लुशियनकडे गेला. आणि लुशियन मात्र टक्क जागा होता. त्या संघात एकटाच.

रेषेवर थर्मन उभा होता.

बोळात बारा वर्षं हेच चाललं होतं. लुशियन उजवा खांदा टाकायचा, थर्मन उजवीकडे झेपावायचा आणि लुशियन डावीकडून निघून जायचा. शेकडो वेळा. मोझेलने खिडकीतून ते इतकं पाहिलं होतं, की खांदा पडायच्या आधीच तिचं तोंड कडू व्हायचं.

लुशियनने उजवा खांदा टाकला.

थर्मन हलला नाही. जन्मात पहिल्यांदा तो नुसता उभा राहिला, झाडासारखा, आणि डावीकडे वळलेला लुशियन येऊन त्याच्या छातीवर आदळला. दोघं खाली गेले. चेंडू रेषेच्या एक वीत अलीकडे होता.

सामना संपल्यावर मैदानातून बाहेर जायच्या बोगद्याच्या तोंडाशी कोच रड डेल्फीनला गाठून उभा होता. टाय सुटलेला, डोळे तांबारलेले. फुलं तिच्या हातात कोमेजली होती. मोझेल थर्मनला शोधत तिथे पोचली, तेव्हा लुशियन भिंतीला टेकून बसला होता.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "जबरदस्त आपटला गं मला त्याने."

"तू नाही खाल्लास?" तिने विचारलं.

"तुझा केक? खेळाच्या आधी? वेडा आहे का मी?" त्याने पिशवीतून रुमालात बांधलेला तुकडा काढला. "आता खातो. मी पोरांनाही सांगत होतो, पण आई म्हणाली गप बस, तिला जास्त कळतं."

म्हणजे या घरात एकाला तरी ठाऊक होतं केक कोणाचा ते. आणि दुसरं म्हणजे, थर्मनने ज्याला आडवं केलं तो उपाशी पोटी होता, पूर्ण शुद्धीत, आपल्या सगळ्या पायांनिशी पळत होता. तो डाव लोण्याचा नव्हता.

तेवढ्यात रडचा आवाज चढला. "बाई, मी शेवटचं विचारतो. तो केक कोणी केला?"

चार वर्षं ज्याची वाट पाहिली, तोच प्रश्न. आणि डेल्फीनने पहिल्यांदाच, अगदी पहिल्यांदाच, बहिणीकडे बोट उचललं. बोट अर्धं वर आलं होतं. ओठही हलले होते.

मोझेलच्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी. माझ्या हातचा. अकराही माझेच होते. पण रडच्या मागे वर्तमानपत्राचे दोघं वह्या उघडून उभे होते, आणि त्यांच्या मागे थर्मन, खांद्यांवर कोच पेटवे बसलेला, हसतोय. उद्याच्या पानावर काय येईल ते तिला छापल्यासारखं दिसलं. टकर्स बेंडच्या स्वयंपाकिणीने समोरच्या संघाला खाऊ घातलं. मग तो डाव कोणाला आठवणार? डेल्फीनने केलं तर आईची वेडी माया. मोझेलने केलं तर लबाडी.

"कोच," मोझेल म्हणाली, "आमच्या घराण्यात हा केक डेल्फीनच करते. चार वर्षं तुम्हीच सांगत आलात की."

डेल्फीनचं बोट हवेत राहिलं. मग तिने ते टोपीकडे नेलं आणि टोपी नीट केली.

"हो," ती बारीक आवाजात म्हणाली. "मीच."

रडने दोघींकडे पाहिलं, मग थर्मनकडे. "हा पोरगा कोणाचा?"

"माझा," मोझेल म्हणाली. "त्याने तुमचा कोट टांगला होता एकदा."

रडला आठवलं नाही. ते तिला चाललं.

इथे मोझेलचं मन निवायला हवं होतं. नाही निवलं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात थर्मनचा फोटो आला, आणि लुशियनचे शब्द, की मी केकला हातही लावला नव्हता, भावाने मला सरळ लोळवलं. पण त्याच्या वरती, दुप्पट मोठा, डेल्फीनचा फोटो होता: गॅरिसनला झोपवणारी माउली. लोक हसले आणि हसता हसता तिच्यावर जीव टाकायला लागले. तीन परगण्यांतून पत्रं आली. अलाबामातला एक निद्रानाशाचा रोगी बसने आला. आणि टकर्स बेंडच्या चर्चमधल्या बायकांनी, मोझेलच्या स्वतःच्या चर्चमधल्या, डेल्फीनचा सत्कार ठरवला.

फोन वाजला. "मोझेल, सहा पुरतील का गं?"

मोझेलने सहा केले.

सत्काराला ती तिसऱ्या रांगेत बसली, थर्मन शेजारी दोन खुर्च्या जोडून. डेल्फीन नवी टोपी घालून पुढे उभी. एक म्हातारी उठली. "बाई, एवढं सांगा, त्या केकचं गुपित काय?"

डेल्फीनची नजर तिसऱ्या रांगेत आली, क्षणभर थबकली आणि पुढे गेली.

"गुपित असं काही नाही," ती म्हणाली. "फक्त कामाच्या आधी खायचा नाही. आमच्या आईचा नियम आहे. मी सगळ्यांना सांगत असते."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोझेलने दातांवर दात रोवले. केक गेला होता, आता वाक्यही गेलं.

थर्मनने चौथा तुकडा तोंडात घातला आणि तिच्याकडे वाकला. "आई, या वेळी लोणी जरा कमी पडलंय का गं?"

"गप खा," मोझेल म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत पाचवा ठेवला.